शक्यता, हेतू आणि लुप्त कर्ता : इंग्रजीतील 'मोडल' कर्मणी रचनेचा मराठीच्या संदर्भात विचार

प्रस्तावना

महाविद्यालयीन स्तरावरील इंग्रजी व्याकरणाच्या अध्यापनात 'व्हॉइस' म्हणजे प्रयोग हा घटक बहुधा एका यांत्रिक कृतीपुरता उरला आहे. कर्मास वाक्याच्या आरंभी आणावे, क्रियापदापूर्वी 'बी'चे योग्य रूप ठेवावे, मूळ कर्त्यास 'बाय' लावून शेवटी न्यावे, आणि वाक्यात 'कॅन', 'मे', 'मस्ट', 'शुड' यांपैकी एखादे साहाय्यक क्रियापद असल्यास त्यापुढे 'बी' व भूतकालवाचक धातुसाधित लिहावे, एवढे सांगितले की घटक संपतो. परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न येतो, विद्यार्थी तो सोडवितो आणि गुणही मिळवितो.

या पद्धतीमागे एक गृहीतक आहे. प्रयोग बदलला तरी अर्थ बदलत नाही, असे ते गृहीतक होय. साध्या विधानांपुरते ते बऱ्याच अंशी टिकते. मांजराने उंदीर मारला काय आणि उंदीर मांजराकडून मारला गेला काय, घडलेली घटना एकच असते. परंतु वाक्यात शक्यता, परवानगी, कर्तव्य किंवा हेतू शिरला की हे गृहीतक डळमळू लागते. शक्यता ही कोणाची तरी असते; परवानगी कोणीतरी कोणास तरी देत असतो; हेतू कोणाच्या तरी मनात असतो. कर्मणी रचना यांपैकी नेमके कोणास वाक्याबाहेर ठेवते, हा प्रश्न प्रयोगबदलाच्या नियमांत कोठेच येत नाही. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न मध्यवर्ती मानला आहे.

विवेचनासाठी आधार म्हणून महाड व पोलादपूर या रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील तालुक्यांकडे पाहिले आहे. त्यामागे केवळ स्थानिक जिव्हाळा नाही. 'वापरू दिले जावे' या एका कर्मणी क्रियापदाभोवती येथे १९२३ ते १९३७ या काळात सामाजिक आणि न्यायालयीन संघर्ष घडला, आणि वरंध घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला 'बंद केली जाऊ शकते' या शब्दांचा नेमका अर्थ दर पावसाळ्यात लावावा लागतो. व्याकरणाचा प्रश्न येथे व्याकरणापुरता राहत नाही.

इंग्रजी रचनेचे स्वरूप

ओटो येस्पर्सन यांनी 'द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर' (१९२४) या ग्रंथात नोंदविले आहे की इंग्रजीतील बहुसंख्य कर्मणी वाक्यांत मूळ कर्त्याचा उल्लेखच नसतो. म्हणजे 'बाय'ने जोडलेला कर्ता हा पाठ्यपुस्तकातील नियम असला तरी प्रत्यक्ष व्यवहारातील अपवाद आहे. कर्मणी रचना मुख्यतः कर्ता गाळता यावा यासाठीच वापरली जाते. तो अज्ञात असतो, सर्वज्ञात असतो, किंवा सांगणे सोयीचे नसते.

या रचनेत 'मोडल' साहाय्यक क्रियापद आले की काय होते, याचा सूक्ष्म विचार एफ. आर. पामर यांनी 'मोडॅलिटी अँड द इंग्लिश मोडल्स' (१९७९) मध्ये केला आहे. पामर यांचे त्रिविध वर्गीकरण अभ्यासकांस परिचित आहे : वक्त्याच्या अनुमानाशी संबंधित शक्यता, परवानगी वा बंधनाशी संबंधित शक्यता, आणि कर्त्याच्या अथवा परिस्थितीच्या सामर्थ्याशी संबंधित शक्यता. यांपैकी पहिल्या प्रकारात प्रयोगबदलाने फारसे बिघडत नाही, कारण अनुमान वक्त्याचे असते आणि वक्ता दोन्ही प्रयोगांत तोच राहतो. तिसऱ्या प्रकारात मात्र बिघडते. 'द बॉय कॅन लिफ्ट द स्टोन' हे वाक्य मुलाच्या बळाविषयी आहे. 'द स्टोन कॅन बी लिफ्टेड' हे वाक्य धोंड्याच्या वजनाविषयी आहे. मागे 'बाय द बॉय' जोडले तरी वाक्याचा भर धोंड्यावरून पूर्णपणे हटत नाही. इच्छा किंवा नकार दर्शविणाऱ्या 'विल'च्या बाबतीत तर हे अधिकच स्पष्ट होते. 'द डॉक्टर वोन्ट एक्झामिन द पेशंट' यात डॉक्टरांचा नकार आहे. 'द पेशंट वोन्ट बी एक्झामिन्ड' यात तोच नकार रुग्णाच्या पदरी जाऊ शकतो. नियमाप्रमाणे प्रयोग बरोबर बदलला, आणि दोष एका माणसाकडून दुसऱ्याकडे सरकला.

हेतुवाचक वाक्यांतील 'मोडल'चे कार्य याहून वेगळे आहे आणि वर्गात ते क्वचितच सांगितले जाते. 'द वॉल वॉज बिल्ट सो दॅट द रोड कुड बी यूज्ड इन द रेन्स' या वाक्यातील 'कुड' काढून 'वॉज यूज्ड' असे म्हटले, तर वाक्य हेतूचे न राहता परिणामाचे होते : भिंत बांधली आणि त्यामुळे रस्ता वापरला गेला. म्हणजे हेतू आणि परिणाम यांतील सीमारेषा येथे साहाय्यक क्रियापद सांभाळते. हेतू ही अद्याप न घडलेली, परंतु घडावी म्हणून मोकळी करून ठेवलेली शक्यता असते, आणि इंग्रजी ही भाषा ती 'कॅन', 'मे', 'कुड', 'माइट', 'शुड' यांच्याद्वारे दर्शविते. मात्र या वाक्यात एक नव्हे तर दोन माणसे अनुपस्थित आहेत. भिंत बांधणारा, ज्याचा हा हेतू आहे. आणि रस्ता वापरणारा, ज्याच्यासाठी तो आहे. दोघांचाही पत्ता वाक्यात नाही, आणि तरीही वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण आहे.

मराठीतील शक्यतेची रूपे

याच आशयासाठी मराठीत कोणती साधने आहेत? मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) या ग्रंथापासून मो. रा. वाळंबे यांच्या 'सुगम मराठी व्याकरण लेखन' या विद्यार्थिप्रिय पुस्तकापर्यंत जी परंपरा आहे, तिच्यात कर्मणी प्रयोगाचे अनेक उपप्रकार सांगितले जातात. त्यांपैकी दोन येथे महत्त्वाचे आहेत : शक्य कर्मणी आणि नवीन कर्मणी. पहिला प्रकार अस्सल मराठी आहे. दुसरा इंग्रजी 'पॅसिव्ह'च्या धर्तीवर आल्याचे सांगितले जाते.

शक्य रूपात धातूला 'व' लागतो आणि शक्यता बाळगणारा माणूस वाक्यात ठाण मांडून असतो. 'आजीला आता दळण दळवत नाही', 'माझ्याच्याने ही चढण चढवत नाही'. येथे कर्ता चतुर्थीत किंवा 'च्याने' घेऊन येतो, परंतु येतो. विशेष म्हणजे हे रूप अकर्मक धातूसही चालते. 'मला चालवत नाही' याचे इंग्रजीत कर्मणी भाषांतर संभवतच नाही. 'ते दृश्य पाहवत नाही' याचे शब्दशः रूपांतर केले तर दृश्य अदृश्य आहे असा भलताच बोध होईल. मराठी वाक्य डोळ्यांविषयी नसून मनाविषयी आहे.

'करता येणे' ही दुसरी रचना कौशल्य आणि परिस्थिती या दोहोंसाठी वापरली जाते. 'मला पोहता येते' यात कौशल्य आहे, 'मला उद्या येता येणार नाही' यात परिस्थिती. येथेही शक्यता ज्याची, तो चतुर्थीत असतो. तो गाळला तर काय होते, हे पाहण्यासारखे आहे. 'या वाटेने शिवथरघळीला जाता येते' असे म्हटले की ऐकणारा 'कोणालाही' हा शब्द मनात भरून घेतो. म्हणजे 'ता येते' या रचनेतील गाळलेला कर्ता हरवत नाही. तो सर्वसामान्य होतो. तिसरे साधन म्हणजे 'उचलण्याजोगा', 'पिण्यासारखे', 'राहण्यालायक' अशी विशेषणे. यांत शक्यता वस्तूचा गुण म्हणून सांगितली जाते, आणि इंग्रजीतील धोंड्याचे वाक्य खरे तर येथे बसते.

चौथी रचना 'जाणे' या साहाय्यक क्रियापदाची. तिला सरसकट 'नवीन' म्हणणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. 'माझ्याकडून आता एवढे खाल्ले जात नाही' हे वाक्य इंग्रजीचा गंध नसलेली वृद्ध स्त्रीही सहज बोलते, आणि त्यात असमर्थतेचा जो अर्थ आहे तो इंग्रजीच्या साध्या कर्मणी रचनेत नाही. तेव्हा तो तिकडून आला असे मानण्यास आधार उरत नाही. असाच अर्थ हिंदीतील समांतर रचनेतही आढळतो. राजेश्वरी पंढरीपांडे यांनी दक्षिण आशियाई भाषांतील कर्मणी रचनेवरील आपल्या प्रबंधात (इलिनॉय विद्यापीठ, १९८१) या रचनांचा तौलनिक विचार केला आहे. मुद्दा असा की नकारार्थी वाक्यात 'जाणे' स्वतःच शक्यतेचे काम करीत असता त्यापुढे 'शकत नाही' जोडणे म्हणजे एकाच बैलाला दोन जू लावणे होय. 'खाल्ले जाऊ शकत नाही' या वाक्यातून 'माझ्याकडून' हा शब्द गळतो, तो उगाच नव्हे. दुहेरी साहाय्यकाच्या ओझ्याखाली माणसाला जागाच उरत नाही.

आता हेतू. मराठीत हेतूसाठी 'ण्यासाठी', 'ण्याकरिता' यांखेरीज 'वे म्हणून' ही रचना आहे. 'करावे', 'जावे' यांतील 'वा' हा प्रत्यय संस्कृत 'तव्य' या कर्मणी कृत्यप्रत्ययाचा वारस आहे, हे भाषेतिहासातून ज्ञात आहे. म्हणजे कर्तव्य, शक्यता आणि हेतू यांना कर्मणी रचनेशी जोडण्याचे काम मराठीने इंग्रजी येण्यापूर्वी कितीतरी शतके केले आहे. फार काय, ज्या 'पाहिजे' शब्दावाचून आपले पानही हलत नाही, तो 'पाहणे' या धातूच्या जुन्या कर्मणी रूपाचा अवशेष आहे आणि 'म्हणजे' हा 'म्हणिजे'चा. फरक इतकाच की 'वा'च्या रचनेने आपला कर्ता टाकला नाही. 'मुलांनी शिकावे म्हणून शाळा काढली' यात तृतीयेतला कर्ता जागच्या जागी आहे. 'मुलांना शिकता यावे म्हणून' यात तो चतुर्थीत आहे आणि हेतू कृतीचा नसून संधीचा आहे. 'शिक्षण दिले जावे म्हणून' असे लिहिले की मुले गेली, आणि शिकविणाराही गेला.

'वापरू दिले जावे' : महाड, १९२३ ते १९३७

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी खर्चाने बांधलेले व चालविलेले, अथवा सरकारनियुक्त वा कायद्याने स्थापिलेल्या संस्थांच्या व्यवस्थेखालील पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गास वापरू द्यावेत, अशी शिफारस त्यात होती. मूळ इंग्रजीतील क्रियापद 'बी अलाउड टु यूज' असे आहे. येथे 'शुड' उघडपणे लिहिलेला नाही. परंतु शिफारस करणाऱ्या क्रियापदानंतरचा हा 'बी' 'शुड बी'चेच कार्य करतो. वाक्याचा व्याकरणिक कर्ता अस्पृश्य वर्ग आहे, पण त्याच्या वाट्याला कृती आलेली नाही. कृती 'अलाउ' करण्याची, आणि ती कोणी करावयाची हे क्रियापदात नाही.

येथे दोन प्रकारच्या कर्मणी रचनांत भेद केला पाहिजे. 'तळे सर्वांकडून वापरले जाऊ शकते' या धर्तीच्या वाक्यात वापरणारा गाळता येतो. 'सर्वांना तळे वापरू दिले जावे' या धर्तीच्या वाक्यात वापरणारा समोर असतो, परंतु देणारा गाळला जातो. पहिल्यात शक्यतेचा धनी हरवतो, दुसऱ्यात परवानगीचा. बोले ठराव दुसऱ्या प्रकारचा आहे. विधिमंडळास शिफारशीपलीकडे अधिकार नव्हता, हे खरे. ठरावाची भाषा त्या मर्यादेतूनच आली असणार. म्हणून बोले यांच्या भाषेवर दोष ठेवण्याचे कारण नाही. परंतु देणारा निश्चित नसला की परवानगीचे काय होते, हे पुढील चार वर्षांत महाडने पाहिले.

महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे अस्पृश्यांस खुले करण्यासंबंधीचा ठराव केला. कागदावर आता देणारा निश्चित झाला होता. तरीही सवर्णांच्या विरोधामुळे ठराव तीन वर्षे अंमलात आला नाही. १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली आणि २० मार्च रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली प्रतिनिधी मिरवणुकीने तळ्यावर जाऊन पाणी प्याले. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर कर्मणी वाक्याचा नामधारी कर्ता त्या दिवशी खरा कर्ता झाला. त्यानंतर प्रतिनिधींवर हल्ले झाले, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावास बरोबर चार वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.

या शेवटच्या घटनेकडे प्रयोगविचाराच्या दृष्टीने पाहावे, असे सुचवावेसे वाटते. 'बी अलाउड' या रचनेतील लुप्त कर्ता ठराव अंमलात आणण्याच्या वेळी पुढे आला नाही. तो रद्द करण्याच्या वेळी आला. परवानगी परत घेता येते, याचाच अर्थ ती देणारा कोणीतरी आहे आणि तो स्वतःस तळ्याचा धनी समजतो. डिसेंबर १९२७ च्या दुसऱ्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी आपला हेतू पाणी पिण्यापुरता नसून माणूस म्हणून समतेचा पाया घालण्याचा आहे, असे प्रतिपादन केले, ते या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. पाणी मिळावे हा हेतू परवानगीने साधला असता. समता प्रस्थापित व्हावी हा हेतू परवानगीने साधण्यासारखाच नव्हता, कारण परवानगीच्या वाक्यात देणारा वर आणि घेणारा खाली हे आधीच गृहीत धरलेले असते.

त्या परिषदेपूर्वीच, १२ डिसेंबर १९२७ रोजी, काही सवर्णांनी महाडच्या न्यायालयात दावा लावला होता. तळे स्पृश्यांचेच असून अस्पृश्यांस तेथे जाण्याचा वा पाणी घेण्याचा हक्क नाही, असे ठरवून मिळावे ही त्यातील मागणी होती. दोन दिवसांनी तात्पुरता मनाईहुकूमही निघाला. दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्या निकालाने वादींचे अपील फेटाळले गेले, ते मुख्यतः वादींना अनादिकालापासूनची रूढी सिद्ध करता आली नाही म्हणून. यात विचारणीय आहे तो प्रश्नाचा बदललेला आकार. 'कोणास वापरू दिले जावे' हा प्रश्न न्यायालयात 'कोणास मनाई करता येईल' असा झाला. म्हणजे शक्यता सिद्ध करण्याचा भार पाणी पिणाऱ्यावर न राहता अडविणाऱ्यावर गेला. अर्थात निकाल कायद्याच्या आधारे झाला, व्याकरणाच्या नव्हे. परंतु प्रश्न कोणत्या वाक्यात मांडला जातो यावर कोणाला काय सिद्ध करावे लागेल हे ठरते, हे येथे स्वच्छ दिसते.

इतके सांगितल्यावर कर्मणी रचना ही सत्ताधाऱ्यांची पळवाट असते, असा सोपा सिद्धान्त मांडण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ चे पहिले दोन खंड शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्या खंडात कर्ता स्पष्ट आहे : भेदभाव न करण्याचे बंधन राज्यावर आहे. विहिरी, तळी, स्नानघाट यांचा ज्यात उल्लेख आहे त्या दुसऱ्या खंडात वाक्याचा कर्ता नागरिक आहे, आणि त्यास कोणत्याही निर्योग्यतेस 'शॅल बी सब्जेक्ट' व्हावे लागू नये असा निषेध आहे. ही रचना काटेकोर अर्थाने कर्मणी नाही. तरी निर्बंध घालणारा कोण, हे न सांगण्याचे काम ती कर्मणीप्रमाणेच करते. आणि येथे ते न सांगणे हेच बळ आहे. निर्बंध घालणारा राज्य असो, संस्था असो वा गल्लीतील चार माणसे असोत, सर्वांनाच निषेध लागू होतो. १९२३ च्या वाक्यात कर्ता नसल्याने जबाबदारी कोणाचीच नव्हती. येथे कर्ता नसल्याने ती सर्वांची आहे. तेव्हा कर्ता गाळला की नाही, एवढे विचारून भागत नाही. देणारा गाळला की अडविणारा, हे विचारावे लागते.

घाटातील सूचना

ऐतिहासिक उदाहरणाकडून आजच्या व्यवहाराकडे आल्यास परिस्थिती फारशी निराळी दिसत नाही. महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारांवर शक्यता हा शब्द हलका नाही. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडीवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे कोसळली. भोर आणि महाड यांस जोडणारा वरंध घाट गेल्या काही वर्षांत पावसाळ्यात वाहतुकीस बंद ठेवण्याचे आदेश वेळोवेळी निघाले आहेत. अशा आदेशांच्या आणि सूचनांच्या भाषेत 'वाहतूक बंद केली जाऊ शकते', 'नागरिकांना स्थलांतरित करण्यात यावे' या साच्याची वाक्ये आपल्या इतकी परिचयाची झाली आहेत की ती आपल्या कानांना खटकत नाहीत.

'ट्रॅफिक मे बी स्टॉप्ड' हे इंग्रजी वाक्य द्व्यर्थी आहे. कोणास तरी वाहतूक थांबविण्याचा अधिकार आहे, हा एक अर्थ. वाहतूक थांबेल असा अंदाज आहे, हा दुसरा. इंग्रजी वाचक संदर्भाने निवड करतो. 'थांबविली जाऊ शकते' या भाषांतरात ही द्व्यर्थता जशीच्या तशी आली आहे. मराठीत ती टाळणे मुळीच कठीण नव्हते : 'वाहतूक थांबविण्याचा अधिकार अमुक अधिकाऱ्यास आहे', किंवा 'वाहतूक थांबण्याची शक्यता आहे', किंवा साधे 'घाट बंद होईल असे दिसते'. भोरकडून बिरवाडीस निघालेल्या टेम्पोचालकाला यांपैकी प्रत्येक वाक्यावर वेगळा निर्णय घ्यावा लागतो. पहिल्यावर तो दूरध्वनी करून विचारील, दुसऱ्यावर लवकर निघेल, तिसऱ्यावर ताम्हिणीच्या वाटेचा विचार करील.

गंमत अशी की ज्या कायद्याच्या आधारे अशा सूचना निघतात त्याची भाषा या बाबतीत पुष्कळच सरळ आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ३४ मध्ये आधी हेतू सांगितला आहे : आपत्तीग्रस्तांचे साहाय्य व संरक्षण. मग कर्ता : जिल्हा प्राधिकरण. मग 'मे', आणि त्यापुढे कर्तरी क्रियापदांची यादी; धोक्याच्या क्षेत्रातील वाहनांच्या वाहतुकीवर नियंत्रण व निर्बंध हे तीत येतात. हेतू, कर्ता आणि शक्यता असे तिन्ही घटक तेथे क्रमाने उभे आहेत. ते कायद्यातून सूचनेच्या कागदावर उतरताना मात्र कर्ता वाटेत कोठेतरी गळतो. याचा दोष इंग्रजीस देता येत नाही. तो आपण घडविलेल्या प्रशासकीय मराठीचा आहे.

'करण्यात यावे' ही त्या मराठीची लाडकी रचना. हिच्यात तृतीयेतला कर्ता बसतच नाही. 'तलाठ्याने करण्यात यावे' हे अशुद्ध ठरते आणि 'तलाठ्यामार्फत', 'तलाठ्याकडून' असा आडमार्ग घ्यावा लागतो. 'ग्रामस्थांना स्थलांतरित करण्यात यावे' या वाक्यात हलणारे कळतात, हलविणारा कळत नाही. गाडी कोण आणणार, गुरांचे काय, शाळेची किल्ली कोणाकडे, हे सारे प्रश्न या गाळलेल्या कर्त्याच्या पोटात आहेत. 'ग्रामस्थांनी शाळेत जावे. तलाठ्याने शाळा उघडून द्यावी' ही दोन वाक्ये 'वा'च्या त्याच जुन्या कर्मणी वारशातली आहेत, आणि त्यांत प्रत्येकाचे काम प्रत्येकाजवळ आहे. अशी वाक्ये कार्यालयीन भाषेस कमी भारदस्त वाटतात, हा त्यांच्यावरील एकमेव आक्षेप ऐकू येतो.

वर्गातील प्रयोगबदल

या सर्वाचा अध्यापनाशी असलेला संबंध दूरचा नाही. आमच्याकडील बहुतेक विद्यार्थी मराठी माध्यमातून आलेले असतात आणि 'करवत नाही', 'करता येत नाही', 'करण्याजोगे नाही' यांतील भेद त्यांना शिकवावा लागत नाही. तो त्यांच्या बोलण्यात आहे. इंग्रजीच्या तासाला आपण हे तिन्ही एकाच 'कॅनॉट बी डन'च्या कोठीत भरतो आणि मराठीत परत येताना 'केले जाऊ शकत नाही' हे चौथेच रूप त्यांच्या हाती देतो. पुढे हेच विद्यार्थी ग्रामपंचायतीत, पतपेढीत, शाळेत कारकून किंवा शिक्षक होतात आणि हेच रूप लिहितात. 'केले जाऊ शकते' या वाक्याचे माहेर शासकीय कोशांत शोधण्याआधी ते आपल्या तासांत शोधले पाहिजे, असे या लेखकाचे मत आहे.

प्रयोगबदलाचा प्रश्न काढून टाकावा असे नव्हे. 'मोडल' असलेले प्रत्येक वाक्य बदलून घेण्याऐवजी त्याविषयी विचारावे : येथे शक्यता कोणाची? परवानगी असल्यास ती कोणाची? हेतू असल्यास कोणाचा, आणि कोणासाठी? 'द वॉटर मे बी यूज्ड' या पाच शब्दी वाक्याची मराठी भाषांतरे विद्यार्थ्यांकडून मागितली की 'पाणी वापरता येईल', 'पाणी वापरण्यास परवानगी आहे', 'पाणी वापरण्याजोगे असावे', 'बहुधा कोणीतरी पाणी वापरील' अशी चार निरनिराळी वाक्ये निघू शकतात, आणि चारही बरोबर असतात. उत्तरपत्रिकेच्या आदर्श उत्तरात यांपैकी एकच छापलेले असते. उरलेल्या तिघांचे गुण कापताना परीक्षकाने निदान हे वाक्य कोणत्या तळ्याविषयी आणि कोणाच्या तोंडी आहे, ते प्रश्नपत्रिकेत द्यावयास हवे होते.